बाबांना घेऊन नॉर्थ सी जॅझला: तेवीस नावं की तीन मैफली?

प्रश्न विचारणाऱ्या ताई पुण्याच्या आहेत. नवऱ्याच्या कामामुळे जुलैचा महिना त्या नेदरलँड्समध्ये, आइंडहोवेनला असणार आहेत. सोबत वडील, वय ७१, एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. वडील भुसावळला रेल्वेत होते आणि तरुणपणी रात्री शॉर्टवेव्हवर ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’चा जॅझचा तास न चुकता ऐकायचे. त्यांना रॉटरडॅमच्या नॉर्थ सी जॅझ महोत्सवाला न्यायचं ताईंच्या मनात आहे. कार्यक्रमाच्या यादीतून त्यांनी २३ नावं काढून ठेवली आहेत. विचारणा अशी, की तिन्ही दिवसांचं तिकीट काढावं का, आणि जास्तीत जास्त कलाकार कसे ऐकून होतील?

ताई, मी मूळची मिरजेची. गेली १९ वर्षं डेल्फ्टला राहते, छोट्या सभागृहांमध्ये मैफलींच्या साउंडचं काम करते. हा महोत्सव माझ्या घरापासून अर्ध्या तासावर भरतो. तिकीट काढून, श्रोता म्हणून मी तिथे बहुतेक वर्षी गेले आहे. आधी एकटी, मग मुलांना घेऊन, दोनदा गावाकडून आलेल्या वडीलधाऱ्यांना घेऊन. त्यातल्या एका खेपेला मी नेमकं तेच केलं होतं जे तुम्ही आत्ता करायच्या विचारात आहात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमचा प्रश्न मी थोडा बदलून घेते. किती कलाकार ऐकून होतील, हा प्रश्न तुमचा आहे. बाबांचा प्रश्न वेगळा असणार: रेडिओवर खरखरीतून जे ऐकलं, ते समोर बसून, स्वस्थपणे, पुरतं ऐकायला मिळेल का? मिळेल, नक्की मिळेल. पण त्यासाठी तेवीसातली वीस नावं सोडून द्यावी लागतील, आणि ती आजच सोडलेली बरी.

आधी या महोत्सवाची घडण समजून घ्या. पॉल आकेट नावाच्या डच संयोजकाने तो १९७६ मध्ये हेगला सुरू केला. त्याआधी संगीतविषयक मासिकं काढायची त्यांची प्रकाशन कंपनी होती. ती विकून हाती आलेल्या पैशांमुळे हे धाडस शक्य झालं. पहिल्याच वर्षी सहा मंच होते, सुमारे ३०० कलाकार आणि ९,००० श्रोते. सारा व्हॉन, काउंट बेसी, डिझी गिलेस्पी, स्टॅन गेट्झ ही जॅझमधली मोठी मंडळी त्या पहिल्या वर्षीच येऊन गेली. म्हणजे एका छपराखाली अनेक मंच आणि एकाच वेळी अनेक मैफली, ही कल्पना जन्मापासूनची आहे. हेगमधलं जुनं स्टॅटनहाल पाडायचं ठरलं तेव्हा २००६ मध्ये महोत्सव रॉटरडॅमच्या आहोय संकुलात आला. तिथे मंच आणखी वाढले. प्रत्येक हॉलला जगातल्या एकेका नदीचं नाव आहे: मास, नाइल, ॲमेझॉन, हडसन, डार्लिंग. दरवर्षी जुलैचा दुसरा शनिवार-रविवार आणि त्याआधीचा शुक्रवार असे तीन दिवस, दुपारी उशिरा सुरू होऊन मध्यरात्र उलटेपर्यंत.

आपल्याकडच्या श्रोत्याची सवय याच्या अगदी उलट आहे. सवाईला मंच एक. जागा धरली, सतरंजी टाकली, डबा बाजूला ठेवला, की पुढचं सगळं आपल्याकडे चालत येतं. मुंबईत १९७८ साली पहिली जॅझ यात्रा झाली, सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्स वाजवून गेले, तेव्हाही रंगभवनात मंच एकच होता. आहोयमध्ये मात्र तुम्ही चालायचं असतं. एक ऐकताना आपण शेजारच्या हॉलमधलं काहीतरी हुकवतोय ही जाणीव सतत पाठीला टोचत राहते. पहिल्यांदा येणारे जवळपास सगळेच पंधरा मिनिटं इथे, वीस मिनिटं तिथे असे धावतात. रात्री त्यांच्याजवळ फोटो भरपूर असतात आणि एकही मैफल पुरती ऐकलेली नसते.

मी हे २०१४ साली केलं. माझे मामा आले होते. मिरजेला आयुष्यभर तबल्याची साथ केलेला माणूस, तेव्हा ६८ वर्षांचे. मी नऊ नावांची यादी केली होती, वेळा लिहून, कुठून कुठे जायचं त्या बाणांसकट. चौथ्या हॉलकडे जाताना मामा मधल्या बोळात भिंतीला टेकून खालीच बसले. मला वाटलं चक्कर आली. पाण्याची बाटली पुढे केली, तर ती बाजूला ठेवून म्हणाले, “अगं, तू मला गाणं दाखवत्येस. ऐकवत नाहीयेस.”

मी यादी पर्समध्ये टाकली आणि शेजारी जो लहान हॉल होता त्यात त्यांना घेऊन गेले. कोण वाजवतंय हे मलाही माहीत नव्हतं. सॅक्सोफोन, पियानो, उभा बास (खर्जाचं मोठं तंतुवाद्य) आणि ड्रम्स, चौघंच. खुर्च्या होत्या. मामा बसले, डोळे मिटले, आणि थोड्या वेळाने बघते तर त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरतोय. दोनदा चुकले, परत धरलं. मग माझ्याकडे झुकून म्हणाले, “बारा आहेत. प्रत्येकात चार.”

ते बरोबर होतं. चौघं ब्लूज, म्हणजे जॅझच्या मुळाशी असलेला प्रकार, वाजवत होते. ब्लूजचा नेहमीचा साचा बारा खंडांचा असतो आणि प्रत्येक खंडात चार ठोके, म्हणजे एका फेरीत ४८. विलंबित एकतालाच्या बारा मात्रा, प्रत्येक मात्रेचे चार भाग केले की तेही ४८ होतात. मामांचा अंगठा आयुष्यभर जे मोजत आला होता तेच मोजत होता; लय तेवढी कितीतरी चढी होती. पुढचा तासभर त्यांनी जागा सोडली नाही. बासवाल्याने एकट्याने दोन फेऱ्या घेतल्या, बाकीचे तिघं हात आवरून थांबले होते, कोणी ताल दाखवत नव्हतं. तो फिरून पहिल्या ठोक्यावर आला तेव्हा मामांच्या तोंडून “क्या बात” गेलं. पुढच्या रांगेतल्या डच आजी वळून त्यांच्याकडे बघून हसल्या.

तेव्हापासून माझी पद्धत बदलली.

मी कलाकाराच्या नावाआधी हॉल बघते. हे माझ्या कामातून आलेलं शहाणपण आहे. आहोय हे मुळात प्रदर्शनांचं आणि मोठ्या कार्यक्रमांचं संकुल. १९७१ पासून ते या जागी उभं आहे. युरोव्हिजनची २०२१ ची गाण्यांची स्पर्धा इथेच झाली. अशा इमारतींत छत उंच, जमीन सिमेंटची, आणि महोत्सवापुरते हॉल पाडायला तात्पुरत्या भिंती नाहीतर जाड पडदे. बारीक, उंच स्वर अशा पडद्यांत बऱ्यापैकी अडतात. खालचे, खर्जाचे स्वर अडत नाहीत. ते भिंतीतून, जमिनीतून शेजारी पोचतात. म्हणून एखाद्या हळुवार पियानोच्या शेजारच्या हॉलमध्ये फंकचा, म्हणजे दणदणीत ठेक्याच्या संगीताचा, मोठा ताफा असेल, तर पियानोच्या प्रत्येक विरामात शेजारची धडधड ऐकू येते. वेळापत्रक जाहीर झालं की आपल्या मैफलीच्या वेळी बाजूला काय आहे तेही नकाशावर बघून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे आणि त्यावर पुष्कळ काही अवलंबून असतं.

दुसरं म्हणजे मोठ्या हॉलमधली मोठी नावं. नाव ‘जॅझ’ असलं तरी इथे सोल, फंक, हिपहॉप, पॉप हे सगळं असतं, आणि सर्वांत मोठे मंच बहुधा त्यांच्याकडे जातात. तिथे पुष्कळ लोक उभे असतात. ते कलाकार मन लावून काम करतात, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण बाबांनी भुसावळच्या क्वार्टरमध्ये रात्री कान लावून जे ऐकलं, ते बहुतेक लहान आणि मध्यम हॉलमध्ये सापडेल: तिघांचे, चौघांचे संच, नाहीतर एखादा मोठा वाद्यवृंद. पत्रिकेवर ज्यांची नावं बारीक अक्षरात छापलेली असतात तिकडे आधी बघा.

आता निवड कशी करायची. एका दिवसासाठी मी तीन मैफली ठरवते. पहिली अशी की जिचा बाज बाबांच्या ओळखीचा आहे. व्हॉइस ऑफ अमेरिकावर विलिस कोनोव्हर यांचा कार्यक्रम १९५५ पासून लागायचा, आणि त्याची संकेतधून होती ‘टेक द ए ट्रेन’, ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदाची. रेल्वेतल्या माणसाला ती विसरता येणार नाही. तेव्हा बिग बँडची, म्हणजे सोळा-सतरा जणांच्या वाद्यवृंदाची मैफल असली तर ती पहिली धरा. दुसरी मैफल तुमच्या दोघांच्याही अनोळखी कलाकाराची, लहान हॉलमधली. तिसरी राखीव: जमली तर जमली. मधे किमान तासाभराची फट ठेवा. त्या फटीत बसायचं, खायचं, स्वच्छतागृहाची रांग उरकायची आणि पुढच्या हॉलपर्यंत सावकाश चालायचं. एवढ्यात तास संपतो.

लहान हॉल भरले की दार बंद करतात. मग आतून कोणी बाहेर पडेपर्यंत थांबावं लागतं. गुडघा दुखणाऱ्या माणसाला त्या रांगेत उभं करू नका. माझा उपाय असा, की हवी असलेली मैफल ज्या हॉलमध्ये आहे, तिथलीच आधीची मैफल शेवटची वीस-पंचवीस मिनिटं मागे बसून ऐकायची. ती संपली की लोक उठतात आणि आपण पुढे सरकतो. कधी कधी दिवसभर एकच हॉल धरून बसले आहे, सवाईसारखी. माझे सर्वांत चांगले दोन दिवस तसेच गेले.

बसायचं कुठे? मोठ्या हॉलमध्ये साउंडचं टेबल शोधा, जिथे माणूस दिवे लागलेल्या खटक्यांपुढे बसलेला असतो. आम्ही त्या जागेवरून ऐकत आवाज जुळवतो, त्यामुळे त्याच्या आसपास सगळ्यांत नीट ऐकू येतं. स्पीकरच्या पुढ्यात आणि मागच्या भिंतीला चिकटून बसू नका; भिंतीजवळ खर्ज साचतो आणि सगळं गढूळ होतं. लहान हॉलमध्ये पियानो असेल तर आपल्या डाव्या हाताची बाजू पकडा. पियानोच्या पट्ट्या डावीकडे असतात, तिथून वाजवणाऱ्याचे हात दिसतात. बाबांना ते फार आवडेल. रेडिओवर हात कुठे दिसत होते?

कानांबद्दल मी आग्रहाने सांगते. कामाच्या जागी होणाऱ्या आवाजासाठी अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या संस्थेची शिफारस अशी आहे: ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे ९४ ला एक तास, १०० ला पंधरा मिनिटं. मोठ्या मंचासमोर शंभराच्या आसपास आवाज ही नवलाची गोष्ट नाही. दोघांसाठीही संगीताचे म्हणून मिळतात ते फिल्टरवाले इअरप्लग घ्या. साधे फोमचे बोळे वरचे स्वर जास्त खातात, झांजांची किणकिण जाते आणि सगळं रजईखालून आल्यासारखं वाटतं. फिल्टरवाले सगळं सारख्या प्रमाणात उतरवतात. घरी टीव्हीसमोर दोन-तीनदा घालून सवय करा, नाहीतर ऐन वेळी बाबा ते काढून खिशात टाकतील.

इथवरचं थोडक्यात: तिन्ही दिवसांचं तिकीट नको, एका दिवसाचं पुरे. दिवस निवडायचा तो नावांवरून ठरवू नका. कोणत्या दिवशी खुर्च्या असलेल्या लहान हॉलमध्ये दोन मनाजोगत्या मैफली एकमेकींना न कापता येतात, ते बघा. तिकिटं मात्र पूर्ण वेळापत्रकाची वाट पाहत थांबत नाहीत, लवकर संपतात. तसं दिसलं तर जाहीर झालेल्या नावांत बिग बँड किंवा चौकडी ज्या दिवशी असेल तो दिवस घेऊन टाका. घेताना महोत्सवाच्या स्वतःच्या पानावरूनच घ्या. काही मैफलींना दिवसाच्या तिकिटावर वेगळं तिकीट लागल्याची वर्षं मी पाहिली आहेत, तेव्हा अटीही वाचा.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत, त्या मी इथून ठरवू शकत नाही. बाबा सलग किती वेळ उभे राहू शकतात? अर्धा तास जमत असेल तर वर लिहिलेलं सगळं लागू आहे. दहा मिनिटांतच गुडघा बोलायला लागत असेल, तर आयोजकांना आधीच लिहा, चालण्याची अडचण असलेल्यांसाठी काय सोय आहे ते विचारा आणि उत्तराची प्रत फोनमध्ये ठेवा. चाकाची खुर्ची भाड्याने घ्यायला बाबा कदाचित नको म्हणतील. मामाही म्हणाले असते. त्यांना सांगा की ती चालण्यासाठी घेतलेली नाही, बसायला हक्काची जागा म्हणून घेतली आहे.

दुसरी गोष्ट घड्याळाची. उन्हाळ्यात इथली वेळ भारताच्या साडेतीन तास मागे असते. रॉटरडॅमला रात्रीचे दहा म्हणजे बाबांच्या शरीराला पुण्यातली दीड वाजताची रात्र. त्यात जुलैत साडेनऊपर्यंत बाहेर लख्ख उजेड असतो, त्यामुळे आपण दमलोय हे कळतच नाही. पोचल्यावर किमान आठवडाभर जाऊ द्या. महोत्सवाच्या दिवशी दुपारी दोन तास झोपवा आणि रात्री साडेदहानंतरचं काहीही ठरवू नका.

आइंडहोवेनहून रॉटरडॅमला थेट गाडीने सव्वा तासाच्या आसपास लागतो. जाताना ठीक आहे, पण त्याच रात्री परत जायचा घाट घालू नका. एक रात्र रॉटरडॅमला राहा, डी किंवा ई मेट्रोच्या मार्गावर. या दोन्ही गाड्या मुख्य स्थानकावरून झाउडप्लाइनला जातात, आणि तिथून आहोय दहाएक मिनिटं चालत. बँकेच्या स्पर्शकार्डाने आत जाता-येता येतं, पण उतरताना पुन्हा कार्ड लावायला विसरू नका, आणि दोघांची कार्डं वेगवेगळी हवीत. शेवटची मोठी मैफल सुटायच्या आधी पंधरा मिनिटं निघालात तर मेट्रोत बसायला जागा मिळेल.

खाण्याची काळजी नको. आत खाद्यपदार्थांचे ठेले भरपूर असतात. बाहेर खायचं असेल तर रॉटरडॅममध्ये सुरिनामी लोकवस्ती मोठी आहे. दीडशे वर्षांपूर्वी भोजपुरी-अवधी मुलखातून सुरिनामला मजूर म्हणून गेलेल्यांची नातवंडं-पणतवंडं त्यात आहेत. त्यांच्याकडची रोती, बटाटा आणि चवळीच्या लांब शेंगांची भाजी बाबांना घरची वाटेल. मांस नको हे आधी सांगा.

आणि एवढं सगळं वाचून तुम्हाला वाटलं की गर्दी, आवाज, चालणं हे बाबांना झेपणार नाही, तर आहोयचा हट्ट सोडा. महोत्सवाच्या आधीचे साधारण दोन आठवडे ‘नॉर्थ सी राउंड टाउन’ या नावाने रॉटरडॅमभर कॉफीच्या दुकानांत, संग्रहालयांत, चौकांत जॅझ चालू असतो. त्यातलं पुष्कळसं विनामूल्य आहे. दुपारी तीन वाजता एखाद्या खोलीत पन्नास माणसं, हातभर अंतरावर ट्रम्पेटवाला. दमलात तर उठून ट्रॅममध्ये बसायचं. खरं तर माझं मत विचाराल तर दोन्ही करा: आहोयच्या आधी चार दिवस अशी एखादी दुपारची बैठक. तिथे कळेल की बाबा किती वेळ रमतात, कुठल्या वाद्याकडे कान वळतो, इअरप्लग ठेवतात की काढतात. त्यावरून तेवीसातली तीन नावं निवडायला त्यांनाच सांगा.

वेळापत्रक लागलं की तुमचा दिवस आणि निवडलेल्या मैफली इथेच लिहा. कुठल्या हॉलला खुर्च्या आहेत आणि शेजारी काय वाजतंय ते बघून मी सांगते. मामांना मी काल फोन केला होता, तुमचा प्रश्न वाचून दाखवला. ते आता ऐंशीकडे झुकलेत. त्यांनी निरोप दिलाय की रेल्वेवाल्या साहेबांना म्हणावं, बासच्या बाजूला बसा.